चार छोटू

"चार?" केळुसकर सरांनी विचारलं, आणि त्यांच्या हातातला साबुदाणा वडा दह्याच्या वाटीत पडला. तो त्यांनी तसाच राहू दिला. "चार म्हणजे एक, दोन, तीनच्या नंतरचे चार?"

"हो सर. तेच."

"जरा जास्त वाटत नाहीत?"

"सापडले तेवढे सांगतेय, सर."

"नाही, सापडले ते चांगलंच. पण बघ, काही माणसं मंडईत गेली की कोथिंबिरीची एक जुडी आणतात. काही माणसं अख्खा हातगाडा घरी घेऊन येतात." सरांनी चष्मा पुसला. "मी आपलं सहज बोललो. मला काही बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमच्या खोलीत तो नियमच होता, आणि सरांनीच केलेला होता.

मी तेव्हा पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात होते. पाचात संपवायची असते. सहावं वर्ष समितीने मेहेरबानी केल्यासारखं दिलेलं आणि तेही आता संपत आलेलं. त्याच दिवशी दुपारी समिती पुन्हा बसणार होती. मी काही ठोस दाखवलं तर पुढचं वर्ष मिळणार, नाहीतर माझं नाव रजिस्टरमधून कमी करून मला नांदेडला परत पाठवणार. तिथे आमच्या वडिलांनी एका कोचिंग क्लासवाल्याशी माझ्या नोकरीचं बोलून ठेवलेलं होतं, बारावीचं फिजिक्स, सकाळची बॅच. मला बारावीच्या मुलांची भीती वाटते, आजही वाटते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. बऱ्याचशा दीर्घिकांच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर असतं. काहींमधलं ते अखंड खात बसलेलं असतं. त्याच्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरत असते आणि तिच्यातून क्ष-किरणांचा नुसता धूर निघतो. या खादाड विवराला आमच्याकडे 'थोरले' म्हणत. आता समजा, थोरल्यांच्या भोवती एखादं लहानसं कृष्णविवर फिरतंय. लहानसं म्हणजे आपले सूर्य काही हजार एकत्र केले तर होईल एवढं, पण थोरल्यांपुढे ते चिलटच. ते दर फेरीत त्या तबकडीतून आरपार घुसतं, आणि घुसतं तेव्हा उजेड किंचित उसळतो. ठरावीक वेळाने एक बारीक उसळी, मग पुन्हा एक, मग पुन्हा. उसळी दिसली की समजायचं, आत कुणीतरी लपलंय. तो आमचा 'छोटू'.

अडचण एवढीच, की थोरले स्वतः कधी स्थिर नसतात. त्यांचा उजेड सारखा वरखाली होत असतो. वरातीत बँड चालू असताना शेजारच्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसं ते काम. त्यासाठी मी सहा वर्षं खपून एक प्रोग्राम लिहिला होता. एका बाजूने उपग्रहाकडून आलेली माहिती ओतायची, थोरल्यांचा गोंगाट वर राहतो आणि छोटू असेल तर खाली पडतो. म्हणून त्याचं नाव चाळणी.

आणि सरांचा नियम असा. माणूस वर्षानुवर्षं एखाद्या गोष्टीची वाट बघत बसला की ती त्याला भिंतीवरसुद्धा दिसायला लागते. म्हणून सर दर वर्षी गुपचूप एक खोटा छोटू आमच्या माहितीत मिसळून ठेवत. एकच, आणि फक्त त्यांनी. कुठल्या दीर्घिकेत, ते त्यांच्या डोक्यात. आम्ही आमचं उत्तर समितीसमोर फळ्यावर लिहायचं, मग सर उठून सांगणार, अमुक ठिकाणचा माझा. या प्रकाराला आमच्याकडे अंतरपाट म्हणत. वीस वर्षं हे चाललेलं होतं. वीस वर्षांत अंतरपाट दूर झाला की पलीकडे कायम सरांचाच छोटू उभा असायचा. खरा कुणालाच कधी सापडला नव्हता, सरांनाही नाही.

तर मला सापडले होते चार. तिसऱ्या दीर्घिकेत, पाचव्या, सातव्या आणि अकराव्या.

"सर, एक तुमचा असणार," मी म्हटलं. "बाकीचे?"

"शर्वाणी, मी काहीही बोलणार नाही." सरांनी वडा चमच्याने बाहेर काढायला घेतला. मग दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला आपल्या विषम संख्या फार आवडतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात कधी लाल सिग्नल न तोडलेला हा माणूस मला इशारा देत होता.

"सर, चारही विषमच आहेत."

"हो का?" सर पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले. "अरेच्चा. मग राहू दे."

बाहेर पडले तर इरण्णा जिन्यातच उभा. इरण्णा बिराजदार अक्कलकोटचा, माझ्याहून तीन वर्षं पुढे. त्याची पीएच.डी. झालेली होती आणि तो आता संस्थेत करारावर होता. उपग्रहाकडून आलेली माहिती धुऊनपुसून आमच्या हातात द्यायची, हे त्याचं काम. त्याने मला खुणेने सायकल स्टँडच्या मागे बोलावलं. सहा वर्षांत त्याने मला कधी कुठे खुणेने बोलावलं नव्हतं.

"किती लिहूलालीस फळ्यावर?"

"चार."

"येडी हायस का गं? तिसऱ्यातला ठेव. बाकी तीन काढून टाक."

"का पण?"

"का काय का? मी सांगूलालोय म्हणून. तिसऱ्यातला पक्का हाय."

"तुला कसं माहीत?"

इरण्णा कुणाच्या तरी गाडीच्या आरशात बघून केस नीट करायला लागला. केस नीटच होते.

"इरण्णा."

"मी घातलोय," तो आरशालाच म्हणाला.

"काय?"

"हळू बोल की! मी घातलोय म्हटलं. धुताना टाकलो आत. महिनाभर बघूलालो, तुझा डबा जसाच्या तसा परत जाऊलालता. तोंड कसं झालतं तुझं, बघितलीस का आरशात? म्हटलं, एक टाकून द्यावं. सापडंल, हसंल. चांगला दणदणीत टाकलो, हलगीवानी. सरांचा कसा, लई बारीक असतोय. तो काय तुला..."

तो थांबला. पण वाक्य कुठे चाललं होतं ते मला दिसलं.

"तो काय मला? सापडणार नाही?"

"तसं नव्हं गं."

"मग कसं?"

"माझा करार पुढच्या महिन्यात हाय," इरण्णा म्हणाला. "माहितीत हात घातला म्हणून कळलं तर गेलो मी. तू तिसरा ठेव, सरांचा कुठला का असंना. बाकीचं मी बघतो."

तो काय बघणार होता ते त्याने सांगितलं नाही. मी रागाने तिथून निघाले. तिसऱ्यातल्या छोटूवर माझा खरं तर फार जीव होता. सगळ्यात आधी सापडलेला, ठणठणीत. मी त्याचा फोटो आईला पाठवला होता. आईने विचारलं होतं, हे काय आहे, आणि मी लिहिलं होतं, माझं नशीब.

समितीला दाखवायच्या फायली मोठ्या स्क्रीनच्या मशीनवर चढवायच्या होत्या, म्हणून मी माणिकताईंकडे गेले. माणिकताई शेंडगे आमच्या संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या मालकीण. त्यांची सर्व्हरची खोली बारा महिने थंडगार असायची, त्यामुळे तिथे सर्व्हरच्या जोडीला कुणाच्या निरोप समारंभाचं श्रीखंड, कुणाचे मोगऱ्याचे गजरे आणि कधी तर कुणाची तरी इन्सुलिनची पेटीही मुक्कामाला असे. ताई मे महिन्यातही आत स्वेटर आणि कानटोपी घालून बसत. त्यांनी दार लावून घेतलं.

"पोरी, माझं ऐकशील का?"

"बोला ना ताई."

"ती सातवी हाय ना, ती तेवढी ठेव. बाकीच्या कशाला उगं?"

मी श्रीखंडाच्या डब्यावर बसले. दुसरं काही बसायला नव्हतं.

"ताई, तुम्ही पण?"

"पण म्हंजे?" ताई दचकल्या. "आनी कोण?"

"कुणी नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"अगं, सरांचा तो खोटं घालायचा प्रोग्राम माझ्याच मशीनवर असतोय. एवढा सोपा हाय, नुसतं विचारतोय आनी आपण भरायचं. दीर्घिका कुठली, म्या लिवलं सात, सात आपली चांगली. उसळी केवढी, म्या लिवलं मोठी. मग विचारलं किती सेकंदांनी. आता मला काय कळतंय त्यातलं? म्या माझ्या स्कूटरचा नंबर टाकला."

"स्कूटरचा?"

"पाठ हाय ना तो."

मला आता ते सातव्या दीर्घिकेचं सगळं आठवलं. तिथला छोटू विचित्र होता. सगळ्यांच्या उसळ्या कशा टोकदार, याची उसळी वर जाऊन सपाट, पोळपाटासारखी. मला त्याचं इतकं नवल वाटलं होतं, की मी प्रबंधात दीड पान त्यावर खर्च केलं होतं. तबकडी त्या जागी दाट असावी, छोटू आत शिरल्यावर त्याचा वेग मंदावत असावा, त्याच्याभोवती स्वतःची एक लहानशी तबकडी असावी, असं बरंच काही. दोन समीकरणंही होती. ते दीड पान म्हणजे माझ्या सगळ्या प्रबंधातला उत्तम भाग आहे, असं सर म्हणाले होते.

"उसळी सपाट का आहे, ताई?"

"तिथं आकार विचारलावता. ते चौकटीचं चित्र बरं दिसलं."

मी डोळे मिटले. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू रोज जिन्यात बसून डोळे पुसायचीस. म्या बघत हुते. म्हटलं, लेकीची सहा वर्षं वाया नगं जायला. मोठाच घातला, बारका तुला घावला नसता तर?"

हे ऐकून मला खरं तर त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटायला हवं होतं. मला राग आला, भयंकर राग आला. दोन माणसं माझ्यासाठी नोकरी पणाला लावून बसली होती, आणि दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, की ही पोरगी काही शोधू शकत नाही. लहान मूल लपाछपीत हरायला लागलं की मोठी माणसं मुद्दाम पडद्यामागून पाय बाहेर काढून ठेवतात. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि सगळे माझ्यासाठी पाय बाहेर काढून बसले होते.

दुपार होईपर्यंत मी संस्थेच्या आवारात फिरत राहिले. हिशेब उघड होता. तिसरा इरण्णाचा, सातवा ताईंचा. उरले पाचवा आणि अकरावा. त्यातला एक सरांचा असणार, आणि दुसरा कुणाचाच नाही, म्हणजे चाळणीची चूक. पाचवा चांगला स्वच्छ दिसत होता. अकरावा इतका बारीक, की मी स्वतः तीनदा तो पुसून टाकला होता आणि तिन्ही वेळा चाळणीने परत आणून दिला होता. सरांचा बारीक असतो म्हणावं, तर मग अकरावा सरांचा. पण मग पाचव्यासारखा धडधडीत छोटू चाळणीने मनाने रचला? म्हणजे चाळणी साफ कामातून गेलेली. कुठूनही धरा, एक भूत निघतच होतं.

एक काढून टाकावा, असं फार वाटलं. कुठला, ते नाणं उडवून ठरवलं असतं. पण सहा वर्षं मी चाळणीला शिकवलं होतं की सापडेल ते दे, माझं तोंड बघू नकोस. आता मीच तिच्या हातातलं काढून घेतलं असतं तर ती चाळणी कसली, माझी मर्जी झाली असती. शिवाय सकाळपासून तीन माणसांनी मला काय काढावं ते सांगितलं होतं, आणि आमच्या घरी मला लहानपणापासून असं काही सांगून उपयोग झालेला नाही.

समितीच्या अध्यक्ष तासगावकर बाई होत्या. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या, पांढरी खादीची साडी, स्वतःचा चहा स्वतःच्या थर्मासमधून. दुसऱ्यांच्या संस्थेत त्या पाणीसुद्धा घेत नसत, मिंधेपणा नको म्हणून. बाकी दोन सभासद होते, पण ते मुख्यतः बिस्किटांसाठी आलेले होते. इरण्णा स्क्रीनपाशी बसला होता, आणि माणिकताई माइक तपासायला म्हणून दारात उभ्या. माइक कुणीच वापरत नव्हतं.

मी फळ्यावर लिहिलं. तीन, पाच, सात, अकरा. इरण्णाने कपाळावर हात मारलेला मला पाठीमागूनही ऐकू आला.

"केळुसकर," बाई म्हणाल्या, "दूर करा तुमचा अंतरपाट."

सर उठले. "पाचव्या दीर्घिकेतला माझा," ते म्हणाले. आणि खाली बसले.

"चारातला एक बरोबर." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे तीन भुतं. मुली, ही चाळणी आहे की स्मशान?"

बिस्किट खाणाऱ्यांपैकी एकजण हसणार होता, पण त्याने विचार बदलला.

"सहा वर्षं हा काही लहान काळ नाही," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, पण..."

"मॅडम." इरण्णा उभा राहिला होता. घाबरला की तो शुद्ध बोलायला जातो. "मॅडम, तिसरा भूत नाही आहे. तो माझा आहे."

"माझा म्हणजे?"

"मी घातलेला आहे. तिला न सांगता. ती चूक माझी आहे, चाळणीची नाही आहे. चाळणीला बरोबर सापडला." आणि मग त्याचं शुद्ध संपलं. "मला काढायचं तर काढा, पण पोरीला काय बोलू नका."

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग आता लपवून तरी काय करायचं?" दारातून आवाज आला. माणिकताई कानटोपी हातात घेऊन पुढे आल्या. "सातवा आमचा."

"आमचा म्हणजे किती जणांचा?"

"माझ्या एकटीचाच, बाई."

"आणि किती सेकंदांचा आवर्तनकाळ घातलात? कशाच्या आधारावर?"

ताईंनी सांगितलं. बाईंनी सावकाश माझा प्रबंध उघडला, पानं उलटली, आणि वाचलं. "'सातव्या दीर्घिकेतील उसळीचा सपाट माथा पाहता, त्या ठिकाणी तबकडी विशेष दाट असावी.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तबकडी दाट, की स्कूटर?"

"समीकरणं बरोबर आहेत," मी पुटपुटले.

"असतील. स्कूटरला लावून बघा." त्या सरांकडे वळल्या. "केळुसकर, हे काय चाललंय तुमच्याकडे? आणि तुमच्या पाचव्याचं काय? तो तरी नियमातला आहे ना? माझ्या आठवणीप्रमाणे तुमची उसळी दिसायला भिंग लागतं."

सरांचे कान लाल झाले. "या वर्षी," ते म्हणाले, "जरा... थोडा मोठा घातला."

"किती थोडा?"

"चौपट."

मग माझा तोल सुटलाच. मला आठवतं, मी खडू टेबलावर आपटला आणि त्याचे तुकडे बिस्किटांत गेले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं? सहा वर्षं मी इथं मरायलेय, आन् तुम्ही सगळे मिळून माझ्या ताटात वाढायलात! एकाला तरी वाटलं का, की हिला आपलं आपण सापडेल? सर, तुम्हाला तरी?"

सर माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते, आणि तेच उत्तर होतं. मी समितीसमोर ढसाढसा रडले. आज वाटतं, रडले ते बरंच झालं, पण तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

बाईंनी थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि तो माझ्यापुढे सरकवला. त्या स्वतःचा चहा कुणाला देतात हे त्यांच्या विद्यापीठात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"पी," त्या म्हणाल्या. "आणि आता सगळ्यांनी ऐका. तिसरा याचा, पाचवा यांचा, सातवा स्कूटरचा. अकरावा कुणाचा आहे?"

इरण्णा ताईंकडे बघायला लागला, ताई सरांकडे.

"आत्ताच सांगा. मी कुणाला काही करणार नाही. बिराजदार?"

"सिद्धरामेश्वराची शपथ, मॅडम, एकच घातलो."

"शेंडगे?"

"माझ्याकडं एकच स्कूटर हाय."

"केळुसकर?"

"नाही हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा आला.

बाईंनी दोन्ही सभासदांकडे पाहिलं. त्यांनी तोंडात बिस्किट असताना जेवढ्या जोरात मान हलवता येते तेवढ्या जोरात हलवली. "आणि मी तर आत्ताच रिक्षातून उतरलेय," बाई म्हणाल्या. "मला आता इथल्या कुणावरही भरवसा नाही. उपग्रहाकडून आलेली मूळ प्रत कुठे आहे? न धुतलेली, कुणाचा हात न लागलेली?"

"माझ्या कुलपात," ताई म्हणाल्या. "तिला म्या पण हात लावत नाही. समितीनं सांगितल्याबिगर उघडत नाही ती."

"समिती सांगतेय. उघडा. उघडली की तुम्ही सगळे भिंतीपाशी उभे राहा, आणि हात मागे."

म्हणून आम्ही चौघं भिंतीपाशी हात मागे बांधून उभे राहिलो. मी, इरण्णा, ताई आणि विभागप्रमुख प्राध्यापक त्र्यंबक केळुसकर. कीबोर्डवर स्वतः बाई बसल्या. चाळणी कशी चालवायची ते मी भिंतीपासून ओरडून सांगत होते. स्क्रीनवर ते लहानसं चक्र फिरत राहिलं. इरण्णा शेजारी हळूच सिद्धरामेश्वराचं नाव घेत होता.

तिसरी दीर्घिका आली. सरळ रेघ. जिथे माझ्या नशिबाची उसळी होती तिथे काही नव्हतं.

पाचवी आली. तीही सपाट.

सातवी आली. "गेली स्कूटर," ताई म्हणाल्या.

मग चक्र पुन्हा फिरायला लागलं. मी डोळे मिटून घेतले होते. मला फक्त बाईंचा श्वास ऐकू येत होता आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद. मग तोही थांबला.

"मुली," बाई म्हणाल्या. "डोळे उघड."

अकरावीत एक उसळी होती. इवलीशी. तिच्यापुढे तेवढ्याच अंतरावर दुसरी, आणि पुढे तिसरी, आणि स्क्रीन संपेपर्यंत तशाच. बाई उठल्या, स्क्रीनपर्यंत गेल्या आणि त्यांनी बोट लावून त्या एकेक मोजल्या. मग मागे वळल्या. "हा मुळातच आहे," त्या म्हणाल्या. "हा इथल्या कुणीही घातलेला नाही."

त्यांनी लगेच पुढचं सगळं सांगितलं. जगाला इतक्यात कळवायचं नाही, दुसऱ्या दुर्बिणीने तपासायचं, तिसरीने तपासायचं, दीड पान फाडून टाकायचं, आणि तुम्हा तिघांचं काय करायचं ते मी घरी जाऊन ठरवेन. पुढे चार वर्षं जगभरच्या लोकांनी त्या उसळ्यांना नाही नाही ते प्रश्न विचारले, आणि त्या सगळ्यांना पुरून उरल्या. इरण्णाला एक खरमरीत पत्र आणि करार दोन्ही मिळाले. ताईंचा पासवर्ड बदलण्यात आला, तो ताईंनीच बदलला. मला पुढचं वर्ष मिळालं. पण हे सगळं नंतरचं.

त्या क्षणी मी सरांकडे बघत होते. त्यांना वाईट बोलले होते आणि मला काहीतरी म्हणायचं होतं. पण सर भिंतीपाशी नव्हते. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावत होते. सर फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं. पलीकडे त्यांची बायको होती. सरांनी वीस वर्षं दर अंतरपाटानंतर बायकोला एकच बातमी दिलेली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"अगं, ऐक. सापडला," सर म्हणाले. "छोटू... नाही. नाही गं, माझा नाही... अगं, खरंच नाही. मी घातलेला नाही. माझा सपाट झाला, सगळ्यांच्या देखत सपाट झाला... शर्वाणीला सापडला, आमच्या शर्वाणीला... हो, रडतोय, पण तू आधी ऐक ना. माझा नाहीये तो."